नानांच्या गाडीतला आवाज

जळगावात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, पण मला पाहून आनंद होणारे थोडे. त्याला कारण माझा धंदा. मी अपघाताच्या केसेस चालवणारी वकील. माझ्याकडे माणूस येतो तो घरात काहीतरी विपरीत घडल्यावर, आणि निकाल लागला की पुन्हा हा जिना चढायची वेळ येऊ नये अशी मनोमन विनवणी करत जातो. लग्नकार्यात एखादी जुनी पक्षकार समोर आली तर हसते, हात धरते आणि लगेच दुसरीकडे वळते. मला पाहिलं की तिला तो दिवस आठवतो. मी वाईट वाटून घेत नाही. निदान घेत नाही असं म्हणते.

आता गुडघे कुरकुरतात म्हणून कोर्टात जाणं कमी केलंय. बसल्या बसल्या या धंद्यातल्या काही गोष्टी लिहून ठेवाव्यात असं वाटलं. त्यातली मुख्य गोष्ट एका माणसाची आहे. ती सांगायला त्यांनी मला परवानगी दिली आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

मी वकिली सुरू केली तेव्हा अपघाताचा पुरावा म्हणजे माणसं. पोलिसांचा पंचनामा, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, आणि चहाच्या टपरीवरचा एखादा साक्षीदार, जो उलटतपासणीत सांगायचा की आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. म्हणजे धडक त्याने पाहिलेलीच नसायची. मग गाड्यांच्या काचेवर ते काड्यापेटीएवढे कॅमेरे दिसू लागले. डॅशकॅम. गाडी सुरू झाली की हा आपोआप सुरू होतो आणि समोरचा रस्ता टिपत राहतो. आतल्या कार्डवर जागा थोडी असते, म्हणून ते भरलं की तो जुनं पुसतो आणि त्यावरच नवं टिपतो. त्यामुळे अपघातानंतर पहिलं काम म्हणजे कार्ड काढून ठेवणं. लोक नेमकं तेच करत नाहीत. गाडी गॅरेजला नेतात, मेकॅनिक चार दिवस फिरवून बघतो, आणि अपघाताच्या जागी गॅरेजपासून भाजीबाजारापर्यंतचा रस्ता उरतो.

दुसरी गोष्ट तारखेची. कॅमेऱ्यातलं घड्याळ बिघडलं की तो मनाला येईल ती तारीख छापतो. एकदा माझ्या पक्षकाराचा अपघात, त्याची गाडी कारखान्यात तयार होण्याच्या आधीच झालेला दिसत होता. समोरच्या वकिलांनी त्यावर अख्खी दुपार काढली.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चित्रण कोर्टात द्यायचं तर अख्खं द्यायचं. त्यातला एक क्षण कापला, आवाज काढला, उजेड वाढवला, तरी तपासणाऱ्याला कळतं. प्रत्येक फाइलचा आपल्या अंगठ्यासारखा एक ठसा असतो. काडीचा बदल केला तरी तो ठसा बदलतो. मुक्ताईनगरच्या एका टेम्पोवाल्याला हे पटता पटत नव्हतं. त्याच्या कॅमेऱ्यात समोरच्याची चूक दिसत होती खरी, पण त्याच्या आधी साहेब स्वतः सिग्नल तोडून आले होते, तेही दिसत होतं.

"मॅडम, अर्धंच दाखवा ना," तो म्हणाला. "कॅमेरा माझा, कार्ड माझं, मग मी म्हणेन तेवढंच दाखवायला काय हरकत आहे?"

"कॅमेरा तुझा आहे, पण तो तुझा नोकर नाही," मी म्हटलं. तो रागावून गेला आणि दुसऱ्या वकिलाकडे गेला. तिथेही त्याला तेच ऐकायला मिळालं असावं, कारण महिन्याभरात परत आला.

जामनेरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची केस तर आमच्या बार रूममध्ये अजून निघते. त्याने नव्या पिकअपला महागातला कॅमेरा बसवला आणि त्याच्या बरोब्बर पुढे लिंबू-मिरच्या टांगल्या. अपघाताचं चित्रण कोर्टात लावलं, तर पडदाभर एक लिंबू आणि त्याखाली मिरच्या झुलतायत. रस्ता त्यांच्या मागून अधूनमधून डोकावतोय. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे काय आहे?"

"लिंबू आहे, सर," मी म्हटलं.

"ते दिसतंय. अपघात कुठे आहे?"

अपघात मिरच्यांच्या मागे होता. धडकेच्या क्षणी लिंबू तुटून खाली पडलं आणि त्यानंतरचा रस्ता मात्र स्वच्छ दिसला.

हसण्यासारखं असं कधीतरीच. एरवी हे चित्रण बघणं एकट्याने करायचं काम आहे. घरच्यांना दाखवता येत नाही. कारकुनाला सांगितलं तर तो अर्ध्यात उठून पाणी प्यायला जातो. मग मीच दार लावून, कानाला हेडफोन लावून बघते. पुन्हा पुन्हा, थांबवून, मागे नेऊन. धडकेची तर हळूहळू सवय होते. सवय होत नाही ती त्याच्या आधीच्या मिनिटांची. गाडीत गाणं चालू असतं. कुणीतरी पाण्याची बाटली मागतं. मागच्या सीटवर कुणी कुणाच्या तरी साखरपुड्यातल्या जेवणाला नावं ठेवत असतं. त्या माणसांना काही माहीत नसतं आणि मला सगळं माहीत असतं. मी नुसती ऐकत बसते. आई होती तोवर घरी जाऊन तिच्याशी भांड्यांवरून का होईना, दोन शब्द बोलणं व्हायचं. ती गेल्यावर विहारातल्या बायका सुरुवातीला रोज यायच्या, मग पौर्णिमेला यायच्या. आता मीच जाते. असं ऐकलेलं सांगायला घरी कुणी नाही, हे एका परीने बरंच.

नाना माझ्याकडे आले ते या काळात.

रघुनाथ नाना भुसावळचे. मूळ गाव अमळनेरकडचं, पण सगळी नोकरी रेल्वेत, मालगाडीचे गार्ड म्हणून. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे मालगाडीचा गार्ड म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ड्रायव्हरला निदान सोबत असते. गार्ड सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटा. पुढे मालाच्या वाघिणींची न संपणारी रांग आणि मागे पळत जाणारे रूळ. कुठल्यातरी आडजागी सिग्नल लाल पडला की तासन् तास तिथेच. माणूस बोलायचं विसरतो, नाहीतर स्वतःशीच बोलायला लागतो.

नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. केस फौजदारी होती. धुळ्याहून परत येताना पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर त्यांच्या गाडीची आणि एका मोटरसायकलची धडक झाली होती. मोटरसायकलवरचा माणूस, जवळच्याच गावचा शेतकरी, दवाखान्यात दगावला. हयगयीने गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा नानांवर दाखल झाला होता.

"मी सावकाश होतो," नाना म्हणाले. शहरी माणसांशी ते ठेवणीतली मराठी बोलायचे. "तो समोरून आला. माझ्याच बाजूने."

"म्हणजे राँग साइडने?"

"हो."

"हे कुणी पाहिलं?"

"मी."

साक्षीदार एकच होता, टपरी चालवणारे धर्मा आबा. त्यांचा जबाब नानांच्या विरुद्ध होता. त्यांना पुढे मी कोर्टातही ऐकलं. म्हातारा माणूस, खोटं बोलणारा वाटत नव्हता. "मी दखं ना साहेब," ते म्हणाले होते. "गाडी मनासमोरथीन गई. तो बोली ऱ्हायना व्हता. तोंड चाली ऱ्हायनं व्हतं त्यानं." म्हणजे, गाडी माझ्यासमोरून गेली आणि हा माणूस बोलत होता. पोलिसांनी त्यावरून सरळ हिशेब मांडला: गाडीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे तो मोबाइलवर बोलत होता. कंपनीकडून आलेल्या कॉलच्या नोंदीत त्या वेळचा कॉल नव्हता, पण इंटरनेटवरून केलेला कॉल त्या नोंदीत येतच नाही. तेव्हा नानांच्या बाजूने त्याचा उपयोग शून्य.

"फोनवर बोलत होतात का?"

"नाही."

"मग आबा म्हणतात ते काय?"

नानांनी शर्टाची बाही सारखी केली.

"धुळ्याला कशासाठी गेला होतात?"

"सहज."

"भुसावळहून धुळ्याला सहज?"

"रिटायर माणूस आहे मी. वेळ असतो."

इतक्या वर्षांत एक कळलंय. माणूस खोटं बोलताना तपशील वाढवतो. नाना तपशील गाळत होते. मी पोलिसांनी काढलेले जागेचे फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोत नानांच्या गाडीची तडकलेली काच होती, आणि आरशाच्या मागे एक छोटा हिरवा दिवा लागलेला.

पुढच्या खेपेला मी तो फोटो त्यांच्यासमोर ठेवला. "नाना, हा कॅमेरा आहे."

"भाच्याने बसवला होता. बंद असतो."

"दिवा लागलेला आहे. पंचनाम्यात लिहिलंय, कॅमेरा आहे पण कार्ड नाही. कार्ड कुठे आहे?"

ते उठले. "मॅडम, तुम्ही आहे तशी केस चालवा. शिक्षा झाली तर होऊ द्या. एकटा माणूस आहे, कुठेही राहिला तरी सारखंच."

मला राग आला. मी पक्षकारांवर क्वचित चिडते, पण त्या दिवशी चिडले. "तुमचं तुम्ही बघाल हो. पण त्या बाईचं काय? तिला सांगितलंय की एक माणूस फोनवर गप्पा मारत होता आणि त्यात तिचा नवरा गेला. जन्मभर ती तेच डोक्यात घेऊन बसणार. खरं असेल तर बसू दे. पण खोटं असेल तर?"

नाना दारात थांबले. मग जिना उतरून गेले.

ते परत आले ते बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी. शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत नखाएवढं कार्ड होतं.

"तुम्ही एकट्या ऐका," ते म्हणाले. "मी बाहेर बसतो."

'बघा' म्हणाले नाहीत, 'ऐका' म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं. मी कारकुनाला कार्डाची हुबेहूब नक्कल करायला सांगितली, मूळ कार्ड पाकिटात घालून त्यावर नानांची सही घेतली, आणि नक्कल लावली.

काचेतून धुळ्याच्या बाहेरचा रस्ता दिसत होता. उन्हं उतरलेली. दोन्हीकडे कापूस. गाडीचा वेग बेताचा. गाणं नाही, रेडिओ नाही. आणि मग नानांचा आवाज आला. माझ्याशी बोलायचे ती मराठी नव्हती ही.

"पोरी, मी उनू." म्हणजे, पोरी, मी आलो. "नही. असं नको." गिअर बदलल्याचा आवाज. "वैशू, दार लावू नको. मी बसाले नही उनू. उभा राहीसनच बोलसू."

मला आधी वाटलं, खरंच फोन आहे. पण पलीकडून उत्तर येत नव्हतं. पलीकडचंही नानाच बोलत होते. आवाज थोडा तीक्ष्ण करून, तिच्यासारखा: "आते कसाले उनात?", आता कशाला आलात, आणि मग स्वतःच्या आवाजात: "सांगाले उनू. तुनी मायले नाशिकले लई जाऊत म्हने तू. मी म्हनं, अठलाच डॉक्टर बरा शे. पैसाना सवाल नव्हता, पोरी. माले वाटे, तठे लई गवूत ते ती वापस येवाव नही. माले भ्याव वाटनं."

बायकोला नाशिकला नेलं तर ती परत येणार नाही, या भीतीने त्यांनी तिला नेलंच नव्हतं. ती इथेच गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मुलगी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होती, तुम्हीच मारलं आईला; आणि धुळ्याला आपल्या घरी निघून गेली होती. हे सगळं मला त्या चित्रणातूनच कळलं, कारण नाना दोघांच्याही वाटची वाक्यं म्हणत होते. एक वाक्य जमलं नाही की "हाई बी नको" म्हणून परत पहिल्यापासून. वैशूचं घर देवपुरात कुठे आहे, कोपऱ्यावर कसलं दुकान आहे, त्या कोपऱ्यापर्यंत आज जाऊन आपण कसे परत फिरलो, तेही ते तिलाच सांगत होते. भेटायला जाणारा माणूस जाताना तालीम करतो. हे तर परतीच्या वाटेवरही करत होते.

"तुनी माय जाताना म्हने..." इथे मोटरसायकल दिसली. समोरून, नानांच्याच बाजूने, रस्त्याच्या कडेकडेने येता येता एकदम आत. हॉर्न. लांब हॉर्न. ब्रेकचा आवाज. "अरे, अरे, अरे" आणि धडक.

मी थांबवणार होते, पण चित्रण चालूच होतं. गाडी तिरकी उभी होती आणि समोर नुसता रिकामा रस्ता दिसत होता. दार उघडल्याचा आवाज आला. मग काचेबाहेरून, लांबून, नानांचा आवाज.

"भाऊ, डोया उघडा ठेव. मी शे अठे. गाडी ई ऱ्हायनी."

तेच ते. मी इथे आहे, गाडी येतेय. मध्येच, "पोरंसोरं शेतस का रे भाऊ?" मध्येच कुणाला तरी ओरडून, "पानी आना कोनी!" आणि पुन्हा, मी शे अठे. सायरन ऐकू येईपर्यंत ते त्याच्याजवळून हलले नाहीत. त्या माणसाचा आवाज मात्र ऐकू आला नाही. मी पुढे कितीतरी वेळा ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं. नाही आला.

हेडफोन काढून मी बाहेर गेले. नाना बाकावर बसून आपल्या बुटांकडे बघत होते.

"ऐकलं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. "आवाज काढून नुसतं चित्र देता येत नाही का? रस्ता तर दिसतो. तो राँग साइडला होता ते दिसतं."

मी त्यांना ठशाची गोष्ट समजावली. आणि त्याहून सरळ गोष्ट सांगितली. आबा खरंच बोलत होते. त्यांनी नानांना बोलताना पाहिलं होतं. नाना कुणाशी बोलत होते, हे ऐकल्याशिवाय ते फोनवर नव्हते हे सिद्ध होत नव्हतं. चित्राने मोटरसायकलची चूक दिसली असती, पण नानांच्या हातातला तो फोन पुसला गेला नसता.

"म्हणजे ती बाई पण ऐकणार," नाना म्हणाले.

"ऐकणार."

"ऐकू द्या," रुमालाची घडी खिशात ठेवत ते म्हणाले.

कार्ड सरकारी प्रयोगशाळेत गेलं आणि छेडछाड नाही असा अहवाल घेऊन परत आलं. पारोळ्याच्या कोर्टात सुनावणीच्या दिवशी मी न्यायाधीशांना विनंती केली की चित्रणात माझ्या अशिलाचं खासगी बोलणं आहे, तेव्हा ज्यांचा संबंध नाही त्यांनी बाहेर थांबावं. त्यांनी आधी नकार दिला. मग पहिली दोन मिनिटं स्वतः हेडफोनवर ऐकली आणि शिपायाला दार लावायला सांगितलं. आत सरकारी वकील, तपास अधिकारी, त्या माणसाचा भाऊ आणि त्याची बायको रेखाताई एवढेच राहिले. नाना आरोपीच्या जागी उभे होते. चित्रण सुरू झालं तेव्हा ते भिंतीकडे वळले आणि शेवटपर्यंत तसेच उभे राहिले.

चित्रण संपलं. सरकारी वकील माझ्या ओळखीचे, उलटतपासणीत कुणाची गय न करणारे. ते उठले, कागद चाळले आणि म्हणाले, "प्रश्न नाहीत." न्यायाधीशांनी मात्र एक विचारलं.

"त्या दिवशी मुलीला भेटलात का तुम्ही?"

"नाही," नाना म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत गेलो होतो."

निकाल आमच्या बाजूने लागला. नाना निर्दोष सुटले. मी केस जिंकले, आणि एवढं खरं सांगते की त्याचा मला अभिमानही वाटला. कारण अख्खा पुरावा ठेवायचा हा माझा हट्ट होता. पण ज्या चित्रणाने नाना सुटले, त्यातच रेखाताईंच्या नवऱ्याची चूक लिहिलेली होती. शेताकडे जायला पुढचं वळण लांब पडतं म्हणून त्या भागातले सगळेच तसे उलट्या बाजूने येतात, तोही आला. आता नुकसानभरपाईच्या दाव्यात तेच तिच्या विरुद्ध जाणार होतं. ती केस माझ्याकडे नव्हती, पण तिच्याकडे मान वर करून बघणं मला जड गेलं.

निकालाच्या दिवशी आम्ही बाहेर आलो तेव्हा ती फाटकापाशी थांबली होती. मला वाटलं, शिव्या देईल. ती माझ्याकडे न बघता नानांसमोर आली.

"त्यासनी काही सांगं का?" तिने विचारलं. त्यांनी काही सांगितलं का?

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमनी आठवण काढी, माय. घर सांभाय म्हने."

ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिचा दीर तिला घेऊन गेला. भाड्याच्या जीपमध्ये जळगावला परत येताना मी नानांना काही विचारलं नाही. माइक गाडीत होता आणि माणूस रस्त्यावर पडलेला होता. पुटपुटलेलं ऐकू येणार नाही, हे अगदी शक्य आहे. वकील म्हणून मी एवढंच म्हणू शकते.

त्यानंतर नानांनी गाडी विकून टाकली. कधी सणाला त्यांचा फोन यायचा. बरे आहात ना, बरी आहे, एवढंच. मुलीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

पावसाळा संपता संपता माझ्या ऑफिसात एक बाई आली. शाळेत शिकवते असं म्हणाली. खुर्चीच्या कडेवर ताठ बसली, तेव्हाच मी ओळखलं.

"मी वैशाली. रघुनाथरावांची मुलगी," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारत विचारत आल्या. म्हणाल्या, मी रेखा, पारोळ्याकडची."

मी पेन खाली ठेवलं.

"आत या म्हटलं तर येईनात. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुझा बाप तुझ्या दाराशी येऊन परत जातो, तुला माहीत आहे का? मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, कोर्टमा ऐकं." वैशालीने ओढणीच्या टोकाने चष्म्याची काच पुसली. "आणि मग म्हणाल्या, तुना बाप मना मानूसजोडे बशी ऱ्हायना व्हता. तू बी जाईसन बस त्यानाजोडे. एवढं बोलून, तुमचं नाव सांगून गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही."

तुझा बाप माझ्या माणसाजवळ बसून राहिला होता. तूही जाऊन बस त्याच्याजवळ. ज्या बाईचं त्या चित्रणाने सगळ्यात जास्त नुकसान केलं, ती एस.टी.ने धुळ्याला जाऊन एवढं सांगून आली होती. आम्ही सगळे शिकलेले लोक त्या बंद खोलीत बसलो होतो. आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं.

"तुम्हाला ते ऐकायचं आहे का?" मी विचारलं. "माझ्याकडे नक्कल आहे. पण नानांना विचारल्याशिवाय..."

"नको," ती म्हणाली. "मला ते ऐकायचं नाही. मी आत्ता भुसावळलाच निघालेय. पण मॅडम, जळगावपर्यंत आले आणि पुढे पाय निघेना. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

मी कारकुनाला कुलूप लावायला सांगितलं आणि निघाले.

नानांचं घर रेल्वेच्या जुन्या वसाहतीपलीकडे, दोन खोल्यांचं. दार त्यांनीच उघडलं. बनियनवर होते. त्यांनी मला पाहिलं, मग तिला पाहिलं. इतक्या फेऱ्या, इतक्या तालमी झाल्या होत्या. त्यातलं एक वाक्य त्यांना आठवलं नाही.

"मॅडम, या ना आत," ते मलाच म्हणाले. "चहा टाकतो." आणि आत वळले.

वैशाली चपला काढून उंबऱ्याशी उभी राहिली. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. आतून भांडी इकडची तिकडे केल्याचा आवाज येत होता. काहीतरी खाली पडलं. मग ती न विचारताच आत गेली. बराच वेळ नुसती स्टोव्हची फरफर ऐकू येत होती. मग तिचा आवाज आला, हळू. मग त्यांचा. शब्द कळत नव्हते. मी पिशवी उचलली, दार हलकेच ओढून घेतलं आणि स्टेशनवर आले.

जळगावकडे जाणारी पॅसेंजर यायची होती. बाकावर बसते न बसते तोच नानांचा फोन आला.

"मॅडम, कव्हा उठी गयात तुम्ही? चहा गार व्हई गया तुमना."

माझ्याशी ते पहिल्यांदाच त्या बोलीत बोलले. मी म्हटलं, गाडीची वेळ झाली होती, पुन्हा येईन. मागून वैशालीचा आवाज आला, "बाबा, गाळणी कुठे ठेवता तुम्ही हल्ली?"

"थांब, थांब, मी देस," नाना म्हणाले आणि फोन बंद करायचा विसरून तसेच तिकडे गेले. फळीवरचे डबे सरकल्याचा आवाज आला. ती काहीतरी म्हणाली, आणि त्यावर नाना म्हणाले, "पोरी..."

मी फोन कापला. पुढचं ऐकायला मला कुणी वकीलपत्र दिलेलं नव्हतं. गाडीला उशीर होता. शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून मी वाट बघत बसले.